नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यात. पहिल्या दीड-दोन महिन्यांत घरच्यांनी नेमकं काय करायचं?

केतकी_कोथरूड

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

नवरा, वय ४१, हिंजवडीत आयटीत. दिवाळीनंतर पहाटे तीन-साडेतीनला जाग यायला लागली, मग डोळ्याला डोळा नाही. सकाळी साडेआठपर्यंत नुसता छताकडे बघत पडून असतो. आंघोळ दुपारवर जाते, कधी राहूनच जाते. जेवण निम्म्यावर आलंय. ऑफिसची चार ओळींची मेल लिहायला तास लागतो आणि लिहून झाली तरी पाठवत नाही. रडत वगैरे नाही, पण लेकीने टीव्हीचा आवाज वाढवला तरी खेकसतो.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर ठीक, बी-१२ कमी. त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, १७ गुण आले. सर्ट्रालिन आधी आठवडाभर २५, आता ५०, सकाळी. रात्री क्लोनाझेपाम ०.२५. दुसरा आठवडा चालू आहे. मळमळ, पोट बिघडलेलं, शिवाय अस्वस्थपणा. तो म्हणतो, गोळ्यांनी उलट वाढलंय, बंद करतो. राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचा बाकी आहे. सासूबाईंचं म्हणणं, या गोळ्यांची सवय लागते, रोज टेकडीवर जा, मन रमव, आपोआप जाईल.

पुढची तारीख अजून दोन आठवड्यांवर. तोवर मी काय करू? त्याला एकटं सोडू की मागे लागू? गोळ्यांचं खरं काय? आणि त्या राजीनाम्याचं काय करू?

---

मनोव्यापार

केतकीताई, आधी गोळ्यांचं, कारण बाकी सगळं त्यावर अडलंय.

तो नऊ प्रश्नांचा कागद म्हणजे पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत कुठला त्रास किती दिवस झाला, याला प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, वीस आणि वर तीव्र. म्हणजे १७ हे 'जरा मूड गेलाय' यातलं नाही. हा कागद एकदा भरून फाइलला लावायचा नसतो. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्याकडून पुन्हा भरून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. आकडा निम्म्यावर आला तर औषध लागू पडतंय, पाचच्या खाली आला तर माणूस बरा झाला असं धरतात. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात 'कसं वाटतंय?' 'ठीक आहे' यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

आता मळमळ. सर्ट्रालिन सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनावर काम करतं आणि शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नाही, आतड्यात असतं. त्यामुळे पहिला दणका पोटाला बसतो. मळमळ, पातळ शौच, थोडं डोकं दुखणं हे सहसा एक-दोन आठवड्यांत ओसरतं. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका. पोहे, उपमा, भाकरी जे काय असेल ते पोटात गेल्यावर द्या. डोस नुकताच २५ वरून ५० झालाय, म्हणून पुन्हा चार-सहा दिवस त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. म्हणजे तुमचे यजमान खोटं बोलत नाहीयेत. या टप्प्यावर त्रास आधी येतो, फायदा मागाहून.

फायद्याला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला सहा ते आठ. आणि तो सगळीकडे एकदम दिसत नाही. बहुतेकदा आधी झोप आणि भूक सुधारते, मग अंगात थोडी ताकद येते, उदासी सगळ्यात शेवटी हटते. हा क्रम घरच्यांनी पाठ करून ठेवावा. कारण पेशंट स्वतः फक्त उदासीकडे बघत असतो आणि म्हणतो, काहीच फरक नाही. तुम्ही मात्र टिपून ठेवू शकता: पहाटे तीनऐवजी साडेचारला जाग आली, पोळी एकाऐवजी दोन गेल्या.

या क्रमातच एक धोकाही आहे. ताकद परत आलीय आणि मन अजून काळंच आहे, अशी मधली फट असते. आधी जीव नकोसा वाटला तरी हालचाल करायचं बळ नव्हतं; आता बळ येतं. म्हणून सुधारणा दिसायला लागली की लक्ष सैल सोडायचं नाही. त्या कागदावरचा नववा प्रश्न याचाच आहे. त्याला त्यांनी किती गुण दिले होते, ते डॉक्टरांना विचारा, आणि घरीही थेट विचारा: 'कधी असं वाटतं का, की जगूच नये? स्वतःला काही करून घ्यावं असा विचार येतो का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना उलट सुटल्यासारखं होतं. उत्तर 'हो' आलं तर पुढचा प्रश्न: काही ठरवलंय का? ठरवलं असेल तर तारखेची वाट बघायची नाही. एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ते नाही भेटले तर ससून किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. अगदी हातघाईची वेळ असेल तर ११२.

आणखी दोन गोष्टींसाठी लगेच फोन करा. एक, अस्वस्थपणा इतका की एका जागी बसवतच नाही, सतत येरझाऱ्या. दोन, एकदम उलटं चित्र: दोन-तीन तास झोपून टवटवीत, अखंड बडबड, मोठाले बेत, पैसे उधळणं. दुसऱ्या प्रकारात आजार बायपोलर (कधी नैराश्य, कधी अति उत्साह) असण्याची शक्यता असते आणि तिथे नुसती ही गोळी आगीत तेल ओतते. घराण्यात कुणाला असा त्रास होता का, ते डॉक्टरांनी विचारलं नसेल तर आपणहून सांगा.

सवयीबद्दल. सासूबाई अगदीच चूक नाहीत, फक्त गोळी चुकली. सर्ट्रालिनची तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. मात्र ती एका दिवसात बंद केली तर गरगरणं, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके, चिडचिड हे होतं. म्हणून बंद करताना आठवडे लावून उतरवतात. सवय लागते ती रात्रीच्या क्लोनाझेपामची. ती मुख्य गोळीचा असर सुरू होईपर्यंत टेकू म्हणून दिलेली असते, साधारण दोन ते चार आठवडे. पुढच्या भेटीत आवर्जून विचारा: ही कधी आणि कशी कमी करायची? पुष्कळ घरांत नेमकं उलटं होतं. झोपेची गोळी 'बरी वाटते' म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते आणि खरं औषध महिन्यात बंद पडतं.

बरं वाटल्यावरही सर्ट्रालिन सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. हा दुसरा-तिसरा झटका असेल तर आणखी लांब. पहिल्या झटक्यानंतर साधारण निम्म्या लोकांना पुढे कधीतरी पुन्हा होतो, आणि लवकर औषध सोडणं हे त्याचं नेहमीचं कारण.

एक नाजूक गोष्ट, पण पत्नीला सांगायलाच हवी. या जातीच्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर लागणं हे पुष्कळ पुरुषांत होतं. ते कुणाला सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांपाशी यावर उपाय असतात, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. तुम्हीच विषय काढलात तर सोपं जाईल.

---

पेठेतला_केमिस्ट

वर बहुतेक सगळं आलंय. काउंटरच्या अलीकडून दिसणाऱ्या काही चुका तेवढ्या लिहितो.

चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं. दुकानात तो नसेल तर दुसरा घ्यायला हरकत नाही, पण पट्टीवरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून बघा. आपल्याकडे नैराश्याचं औषध आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेल्या जोडगोळ्या सर्रास मिळतात, विशेषतः एस्सिटालोप्रामबरोबर. लोकांना वाटतं आपण एकच औषध घेतोय. मग ती संपली, दोन दिवस आणली नाही, की दोन्ही औषधं एकदम तुटतात आणि हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. ताईंच्या केसमध्ये दोन्ही वेगळी आहेत ते उत्तम, तशीच राहू द्या.

क्लोनाझेपाम डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देता येतं. आम्हाला वहीत पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं. 'ओळखीचे आहात, द्या ना' म्हणून चालत नाही. दर वेळी चिठ्ठी आणा.

एखाद्या दिवशी सकाळची गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर गेलेली गेली. दोन एकदम नाही.

अंगदुखी-पाठदुखीला स्वतःहून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. सर्ट्रालिनबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. पॅरासिटामॉल चालतं. ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामकं, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं कोरड्या खोकल्याचं सिरप, अर्धशिशीच्या ट्रिप्टान जातीच्या गोळ्या यांच्याबरोबर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं: ताप, घाम, थरथर, गोंधळलेपणा. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी चालू औषधं सांगा. रात्रीच्या गोळीबरोबर दारूचा घोटही नको. आणि पहिले काही दिवस सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बाइक नको, पेंग राहते.

महिन्या-दोन महिन्यांचा साठा एकदम आणू नका. पंधरा दिवसांचा आणा आणि तो तुमच्या कपाटात ठेवा, त्यांच्या उशाशी नको. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही आत. कारण वर मनोव्यापार यांनी लिहिलंय तेच.

---

केतकी_कोथरूड

खूप आभार. जोडगोळीचं माहीतच नव्हतं. नववा प्रश्न आज विचारला. 'कधीकधी वाटतं, पण तसं काही करणार नाही' म्हणाला. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी शनिवारीच बोलावलंय. पण दिवसभराचं काय? मी काही बोलले की त्याला कटकट वाटते, नाही बोलले की दिवस दिवस खोलीतच.

---

सानिका_ब

तारीख अलीकडे आणलीत ते छान केलंत.

दिवसाचं सांगते. यात घरच्यांचा एक समज आधी मोडावा लागतो: 'मनावर घेतलं की होईल.' या आजारात नेमकं मनावर घेण्याचंच यंत्र बंद पडलेलं असतं. काम सुरू करणं, दोनातून एक निवडणं, वाचलेलं लक्षात ठेवणं, तिन्ही मंदावतात. ती मेल तासभर चालते ती आळसामुळे नव्हे. एक वाक्य लिहून होईपर्यंत आधीचं निसटतं, आणि पाठवताना 'यात काहीतरी चुकलं असणार' हा विचार हात धरतो. चिडचिडही त्याच आजाराची. पुरुषांत रडण्याऐवजी पुष्कळदा तीच पुढे येते आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

मग करायचं काय, तर इच्छेची वाट न बघता कृती आधी ठेवायची. आमच्याकडे याला वर्तन-सक्रियता म्हणतात. सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा, हा सगळ्यात कोरडा आणि सगळ्यात उपयोगी भाग. माणूस कमी करतो, म्हणून आनंदाच्या आणि 'जमलं' वाटण्याच्या संधी कमी होतात, म्हणून मन आणखी खाली जातं, म्हणून आणखी कमी करतो. हे चक्र विचारांच्या बाजूने तोडायला गेलात तर वादच होतात. कृतीच्या बाजूने तोडणं सोपं.

शाळेची दोनशे पानी वही घ्या. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद. वेळ, काय केलं, आणि दोन आकडे: किती बरं वाटलं (०-१०), किती जमल्यासारखं वाटलं (०-१०). त्यांना लिहायला जड जात असेल तर संध्याकाळी तुम्ही विचारून लिहा, दहा मिनिटांत होतं. पडून राहिलेल्या तासांपुढेही आकडे घाला. आठवड्याने एक गोष्ट त्यांची त्यांनाच दिसते, ती म्हणजे दिवस सरसकट शून्य नव्हता. चहा घेत गॅलरीत बसले तिथे दोन होता, लेकीचं गणित सोडवलं तिथे तीन होता.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यातल्याच दोन गोष्टी ठरलेल्या वेळेला लावा. दोनच. आणि वेळेवर करायच्या, 'बरं वाटलं की' नाही. गोष्ट इतकी लहान करा की नाही म्हणायलाच जास्त कष्ट पडावेत. आंघोळीचं उदाहरण घ्या. 'आंघोळ करून घे' हे त्यांच्या डोक्यात सात कामं होऊन पोहोचतं: उठणं, कपडे शोधणं, गिझर, थांबणं… तुम्ही गिझर लावा, टॉवेल आणि कपडे बाथरूममध्ये ठेवा, आणि म्हणा, 'पाणी तापलंय, नुसते पाय धुऊन ये.' पाय धुवायला गेलेला माणूस बऱ्याचदा आंघोळ करून येतो. नाही आला तरी पाय धुतले, वहीत लिहा.

टेकडीचंही तसंच. सासूबाईंचा सल्ला वाईट नाही, व्यायामाने नैराश्य कमी व्हायला मदत होते हे खरंच आहे. पण आत्ता वेताळ टेकडी म्हणजे पहिल्या दिवशी सिंहगड. शिवाय तिथे ओळखीचे भेटणार, 'काय रे, बारीक झालास' म्हणणार. पहिले चार दिवस बूट घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचं. मग इमारतीला एक फेरी. मग दहा मिनिटं. आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर न्या, तोवर महिना-सव्वा महिना जाईल, जाऊ दे. तुम्ही बरोबर चाला, पण बोललंच पाहिजे असं नाही.

पहाटे जाग येणाऱ्यांना बहुधा सकाळ सगळ्यात वाईट जाते आणि संध्याकाळी जरा उतार पडतो. म्हणून सकाळी फक्त ठरलेल्या वेळी बिछाना सोडणं आणि उजेडात बसणं, एवढंच. बँक, फोन, ऑफिसचं काही असेल तर पाचनंतर. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांच्या वर नको, नाहीतर पहाटेची जाग तशीच राहते.

बोलण्यातले बारकावे:

'आज काय खाशील?' नको. 'खिचडी की भाकरी?' चालेल. मोकळा प्रश्न म्हणजे निवड आणि निवड म्हणजे शीण.

'तुला काय कमी आहे?' हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्यांना ते आधीच ठाऊक आहे आणि त्याचीच लाज वाटतेय. 'सगळं छान होईल' हेही पोकळ वाटतं. 'हा आजार आहे, औषधाला अजून महिना लागणार आहे, आज फक्त आजचं बघू' हे खरं आहे, म्हणून टिकतं.

खेकसले तर तिथल्या तिथे समजावू नका. लेकीला मात्र वेगळं बसवून सांगा: बाबा आजारी आहे, तुझ्यामुळे नाही, डॉक्टर औषध देतायत. मुलं स्वतःला दोष देतात आणि बोलत नाहीत.

सासूबाईंशी औषधांवर वाद घालत बसू नका, त्यांना काम द्या. रोज साडेसातचा चहा त्या मुलाबरोबर गॅलरीत घेतील, सल्ला न देता. बिछाना सोडण्याची वेळ त्यातून आपोआप ठरते आणि आईला काहीतरी करतोय याचं समाधान मिळतं.

समुपदेशनाचं डॉक्टरांना विचारा. सीबीटी साधारण आठवड्याला एक, पाऊण ते एक तासाचं, अशी बारा ते सोळा सत्रं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का ते बघा. पुण्यात गल्लोगल्ली 'काउन्सेलर'च्या पाट्या आहेत, त्यातल्या पुष्कळांचं शिक्षण शनिवार-रविवारच्या कोर्सपुरतं असतं.

---

मोकळा_सूर

बी-१२ कमी आहे ना? मग तेच कारण असेल. इंजेक्शनं घ्या, गोळ्यांची गरजच काय? जोडीला अश्वगंधा.

---

मनोव्यापार

बी-१२ च्या कमतरतेने थकवा, विसरभोळेपणा, उदासी येऊ शकते हे बरोबर. शाकाहारी घरांत ती फार दिसते. म्हणून ती भरून काढायचीच. पण १७ गुणांच्या नैराश्यात 'आधी बी-१२ बघू, मग गोळ्यांचं' असं केलं तर महिना-दोन महिने हकनाक जातात. दोन्ही बरोबर चालवायचं.

अश्वगंधा डॉक्टरांना न सांगता नको. तिने पेंग येते आणि रात्रीच्या गोळीत ती भर पडते. थायरॉइडचे आकडे हलतात. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. आयुर्वेदाला नावं ठेवायची नाहीयेत. पण दोन डॉक्टरांची औषधं एकमेकांना न कळवता घेणं ही अडचण आहे.

---

कागदोपत्री

राजीनाम्यावर कुणी सविस्तर लिहिलं नाही, ते लिहितो.

तो मसुदा फाडायला लावू नका, भांडण होईल. तारीख टाका. 'आठ आठवड्यांनी, किंवा त्या कागदावरचे गुण दहाच्या खाली आल्यावर, तेव्हाही हेच वाटलं तर मी स्वतः पाठवायला बसेन.' हाच नियम फ्लॅट विकणं, मोठी एफडी मोडणं, वेगळं होणं अशा परत न फिरवता येणाऱ्या प्रत्येक निर्णयाला. राजीनाम्याने आजार जात नाही. गट विमा मात्र जातो आणि दिवसाचा उरलासुरला आराखडाही.

त्याऐवजी रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आणि अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. शिल्लक किती ते आधी बघा. कंपनीची आजारपणाची रजा वेगळी असेल तर धोरणाचा कागद मागवा. डॉक्टरांकडून दोन-तीन आठवड्यांचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती' एवढंच लिहा अशी विनंती करता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, ऑफिसमधून फोन आला म्हणून डॉक्टर निदान सांगत नाहीत. व्यवस्थापकाला किती सांगायचं हे यजमानांनी ठरवावं, आणि तेही जरा बरं वाटल्यावर. परत जाताना थेट पूर्ण दिवस नको. पहिला आठवडा निम्मं काम किंवा घरून काम मागा, आणि पहिलं काम असं घ्या ज्याला उद्याची डेडलाइन नाही.

विमा: त्याच कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजारालाही द्यावा लागतो. पण व्यवहारात तो भरती झाल्यावर चालतो. ओपीडीची फी आणि सत्रं बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, कारण ओपीडीच बसत नाही. स्वतंत्र पॉलिसी नव्याने घेताना हे निदान लपवू नका. लपवलं तर पुढे भलत्याच आजाराचा दावाही अडकतो. बिलं, चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलला लावा.

पोलिसांबद्दलही लोकांत भीती असते. त्यासाठी याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा गृहीत धरतो आणि तिच्यावर खटला चालवत नाही. त्यामुळे 'पोलीस केस होईल' म्हणून हॉस्पिटलला न्यायला कुणी उशीर करू नये.

खर्च परवडेनासा झाला तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात: ससून, धनकवडीचं भारती, पिंपरीचं डी. वाय. पाटील. येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. नावाला घाबरून लोक जात नाहीत, पण तिथे केसपेपर काढून तपासून, औषध घेऊन घरी येता येतं. सकाळी लवकर जा, चालू चिठ्ठ्या बरोबर न्या.

---

विद्या_सातारारोड

धागा वाचतेय. माझ्या आईला (वय ७२) पण सर्ट्रालिन सुरू झालंय. हेच सगळं लागू का? तिला बीपी आहे.

---

पेठेतला_केमिस्ट

बरंचसं लागू, पण एक मोठा फरक आहे. या वयात या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घसरू शकतं, मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, म्हणजे चिठ्ठीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही असेल, तर शक्यता आणखी वाढते. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत हे दुसऱ्या औषधाला जोडून येतं, पट्टीवर बघा. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, नुसतं झोपून राहणं असं काही दिसलं तर 'नैराश्य वाढलं' किंवा 'वय झालं' समजू नका, त्याच दिवशी सोडियम तपासा.

---

मनोव्यापार

आणि त्रास नसला तरी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत एकदा सोडियम तपासून घ्या, साधी रक्ताची तपासणी आहे. ज्येष्ठांना डोस निम्म्याने सुरू करतात आणि परिणामाला थोडा जास्त वेळ देतात. रात्री क्लोनाझेपाम दिलं असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारा. रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडण्याचं ते एक मोठं कारण आहे. तोवर पलंग ते बाथरूम वाटेत दिवा चालू ठेवा आणि पायपुसणी उचला.